मानसिक आजाराच्या उपचाराला नकार देणाऱ्या घरच्या माणसाला भरती करताना

“कोर्टाची ऑर्डर कुठे मिळते?” घरच्यांचा फोन बहुधा याच प्रश्नाने सुरू होतो. १९८७ च्या जुन्या कायद्यात मॅजिस्ट्रेटकडून ‘रिसेप्शन ऑर्डर’, म्हणजे भरतीचा आदेश, आणायचा रस्ता होता, आणि तोच अजून लोकांच्या, काही वकिलांच्या आणि पोलिसांच्याही डोक्यात बसला आहे. २०१८ पासून मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू आहे. त्याच्या कलम ८९ खाली, माणूस ‘नको’ म्हणत असतानाही भरती होऊ शकते. त्यासाठी घरच्या एका माणसाचा लेखी अर्ज लागतो, दोघांनी वेगवेगळी केलेली तपासणी लागते, आणि कायद्यात सांगितलेल्या धोक्यांपैकी निदान एक दिसावा लागतो. कोर्ट यात येत नाही.

माझ्या भावाला दोनदा असं न्यावं लागलं. पहिल्या खेपेला तीन तास प्रवास करून गेलो आणि संध्याकाळी त्याच गाडीने त्याला घेऊन परत आलो. आजार खरा होता, डॉक्टरही नीट ऐकणारे होते. तयारी आमची नव्हती. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्या दिवशी शिकलेलं आहे. मी वकील नाही, डॉक्टर नाही, शुभंकर आहे, म्हणजे मानसिक रुग्णाला सांभाळणारा घरचा माणूस.

## आधी हे: धोका या तासाला असेल तर

जीव द्यायची तयारी दिसतेय, हातात हत्यार आहे, दोन दिवस पाण्याचा थेंब पोटात नाही, अशी वेळ असेल तर पुढचे टप्पे वाचत बसू नका. पोलिसांसाठी ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, आणि जवळच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी.

कलम ९४ प्रमाणे अशा वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो. तो मनोविकारतज्ज्ञच असला पाहिजे असं नाही. रुग्णाचा प्रतिनिधी (तो कोण, ते टप्पा ३ मध्ये) हजर असेल तर त्याची संमती घेतली जाते. मनोरुग्णालयापर्यंत पोहोचवणंही याच कलमात येतं. मुदत जास्तीत जास्त ७२ तास, किंवा त्याआधी मनोरुग्णालयात तपासणी झाली तर तोपर्यंत. रात्री दोन वाजता “आमच्याकडे सायकियाट्रिस्ट नाही, सकाळी या” असं ऐकावं लागलं तर आवाज न चढवता कलम ९४ चं नाव घ्या आणि धोका नेमका कोणता ते एका वाक्यात सांगा.

सावधान: हे ७२ तास म्हणजे भरती नव्हे. या वेळात कलम ८९ ची तयारी करायची असते. रुग्ण इंजेक्शनने झोपला म्हणून घरचेही झोपले, आणि चौथ्या दिवशी सगळं पहिल्यापासून, हे फार वेळा होतं.

## टप्पा १: अटीत बसतं का, ते बघा

कायदा तीन प्रकारचे धोके मानतो. नुकतंच स्वतःच्या शरीराला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न. नुकतीच दुसऱ्यावर हिंसा, किंवा इजा होईल अशी भीती दुसऱ्याला वाटावी असं वागणं. आणि तिसरा, जो घरच्यांच्या लक्षातच येत नाही: स्वतःची काळजी घेण्याची क्षमता नुकतीच इतकी गेलेली की त्यानेच स्वतःला इजा होण्याचा धोका. खोलीत कोंडून घेऊन चार दिवस न जेवणारी, कुणावर हातही न उचलणारी मुलगी या तिसऱ्या अटीत बसू शकते. तिच्या आईवडिलांना मात्र वाटत असतं, ती शांत आहे, तिला कोण घेणार?

याखेरीज डॉक्टरांना दोन गोष्टींची खात्री पटावी लागते. एक, उपचाराचा निर्णय तो माणूस स्वतः घेऊ शकत नाही आणि त्याला फार मोठ्या आधाराची गरज आहे. दोन, भरतीपेक्षा कमी बंधनाचा दुसरा मार्ग आत्ता उरलेला नाही.

“गोळ्या घेत नाही”, “कामाला जात नाही”, “लग्नाला तयार नाही”, “पैसे उधळतो”, “वेगळ्याच पंथाच्या नादी लागलाय” ही कारणं एकटी पुरत नाहीत. पूर्वी उपचार झाले होते एवढंही पुरत नाही. दारू किंवा ड्रग्जमुळे आलेली मानसिक अवस्था या कायद्यात येते. नुसतं बौद्धिक अपंगत्व येत नाही. रुग्ण १८ वर्षांखालचा असेल तर प्रक्रिया कलम ८७ ची, वेगळी आहे.

आणि स्वेच्छेने येण्याचा प्रस्ताव दर वेळी ठेवा. कलम ८६ खाली माणूस स्वतः भरती होऊ शकतो, आणि कायद्याचा कल शक्यतो त्याच बाजूला आहे. गेल्या महिन्यात दहा वेळा नाही म्हणालेला माणूस गाडीत बसताना “दोन दिवसच राहीन” म्हणाला, तर ते ‘हो’ समजा आणि डॉक्टरांना तसंच सांगा. असा रुग्ण नंतर जातो म्हणाला आणि डॉक्टरांना धोका वाटला, तर कलम ८९ ची तपासणी करण्यासाठी ते त्याला २४ तास थांबवू शकतात.

तपासा: वरच्या तीनपैकी कोणता धोका, आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांतली कोणती घटना? दोन्हींची उत्तरं एका दमात देता येत नसतील तर अजून गाडी सांगू नका.

## टप्पा २: वही

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. शंभर पानी साधी वही पुरते. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल, पण न्यायच्या दिवशी कागदावर हवं, कारण डॉक्टर तुमचा फोन हातात घेऊन स्क्रोल करत बसत नाहीत.

लोक असं लिहितात:

“खूप ॲग्रेसिव्ह झालाय. काहीही बोलतो. घरच्यांना फार त्रास देतो. संशयी आहे.”

यातून डॉक्टरांना काहीच मिळत नाही. असं लिहा:

“मंगळवार, पहाटे ३. गॅसची नळी ओढून काढली. ‘यातून विष सोडतात’ म्हणाला. आईने हात धरला तेव्हा ढकललं. आईचं कोपर सुजलं. मी आणि आई हजर.”

“गुरुवार. घरचं न खाण्याचा चौथा दिवस. फक्त सीलबंद बिस्किटं. नळाचं पाणी नाही. रात्रभर दाराच्या फटीत वर्तमानपत्र कोंबत होता. झोप अंदाजे एक तास.”

वार, वेळ, काय केलं, त्याचे शब्द जसेच्या तसे, परिणाम काय झाला, कोणी पाहिलं. आजाराचं नाव तुम्ही लिहू नका, ते काम डॉक्टरांचं. झोप आणि खाणं रोज टिपा, काही घडलं नसलं तरी. वाढवून लिहू नका: ढकललं असेल तर ‘मारलं’ नको. एक अतिशयोक्ती उघडी पडली की उरलेल्या वहीवरचाही विश्वास जातो.

मागच्या पानांवर दुसरीच यादी ठेवा. तो कशाने शांत होतो, कोणाचं ऐकतो, कोणत्या विषयावर भडकतो. वॉर्डातल्या सिस्टरना डॉक्टरांपेक्षाही याचा उपयोग जास्त होतो.

व्हिडिओ काढायचा मोह सगळ्यांना होतो. एखादी छोटी क्लिप डॉक्टरांना दाखवण्यापुरती ठीक आहे, पण समोर फोन धरून नको. संशयाच्या आजारात त्यानेच आग लागते. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कधीच नको. बरा झाल्यावर तो त्याच ग्रुपमध्ये असणार आहे.

सावधान: घरात जागेचा, पैशाचा किंवा घटस्फोटाचा वाद चालू असेल तर तो डॉक्टरांना स्वतःहून आधी सांगा. रुग्ण तो सांगणारच, आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदा कळलं तर तुमची बाजू कटासारखी दिसते.

## टप्पा ३: सही कोणाची?

अर्ज करणाऱ्याला कायदा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणतो. रुग्णाने पूर्वी कागदावर लिहून कोणाचं नाव दिलं असेल तर तोच प्रतिनिधी, मग तुम्ही सख्खे भाऊ का असेना. असं काही नसेल तर नातेवाईक: रक्ताचा, लग्नाचा किंवा दत्तक नात्याचा. नातेवाईक नसेल तर सोबत राहून सांभाळणारी व्यक्ती, आणि तीही नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाने (अशा भरत्यांवर लक्ष ठेवणारं, याच कायद्यातलं मंडळ) नेमलेली व्यक्ती. प्रतिनिधी सज्ञान हवा, आणि त्याची तयारी लेखी हवी.

नातेवाइकांमध्ये बायको आधी की भाऊ आधी, असा क्रम कायद्यात लावलेला नाही. म्हणूनच भांडणं होतात, आणि ती रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये होतात. एक म्हणतो भरती करा, दुसरी म्हणते माझ्या नवऱ्याला वेड्यांच्यात टाकू नका, आणि डॉक्टर दोघांकडे बघत बसतात. हे भांडण आदल्या आठवड्यात घरी उरकून घ्या. सही करणारा माणूस पुढचे तीस दिवस फोन उचलणारा, बोलावलं की येणारा हवा. परगावहून दोन दिवसांसाठी आलेला मोठा भाऊ, केवळ मोठा म्हणून, नको.

रुग्णाने ‘आगाऊ निर्देश’ लिहून ठेवले असतील, म्हणजे आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, तर तो कागद लपवू नका. भरतीचा निर्णय घेताना डॉक्टरांना तो बघावाच लागतो.

## टप्पा ४: जागा आणि फाइल

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. पण पहिली चौकशी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात करा. घराजवळच्या वॉर्डात भेटायला जाता येतं, आणि डिस्चार्जनंतरची ओपीडीही तिथेच. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो.

निघण्याआधी फोन करून विचारा:

- कलम ८९ खाली भरती करता का? बेड आहे का?
- तपासणीसाठी दोघंही त्याच दिवशी मिळतील का, आणि किती वाजता?
- सोबत नातेवाइकाला राहावं लागतं का?
- आधीच्या डॉक्टरांचा तपासणीचा कागद चालेल का?

शेवटच्या प्रश्नात एक खाच आहे. तपासणी भरतीच्या दिवशीची किंवा त्याआधीच्या सात दिवसांतली लागते. दहा दिवसांपूर्वीचं सर्टिफिकेट घेऊन गेलात तर ती तपासणी पुन्हा होणार.

फाइलमध्ये: रुग्णाची आणि सही करणाऱ्याची ओळखपत्रं, जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डं, चालू आणि बंद केलेल्या गोळ्यांची नावं-डोस, कोणत्या औषधाने त्रास झाला होता ते, शुगर, बीपी, फिट्स, ॲलर्जी. खासगी रुग्णालय असेल तर विमा पॉलिसीही ठेवा. मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देण्याचं बंधन याच कायद्याने विमा कंपन्यांवर घातलं आहे.

सावधान: “पत्ता द्या, आमची माणसं येऊन उचलतील” असं फोनवर सांगणाऱ्या केंद्रापासून लांब राहा, मग ते व्यसनमुक्तीचं असो की ‘पुनर्वसना’चं. तपासणीआधी माणूस उचलून नेऊन कोंडणं ही कलम ८९ ची भरती नाही. मानसिक रुग्णांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी लागते. नोंदणीचा कागद दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर तिथेच उत्तर मिळालं.

## टप्पा ५: न्यायचा दिवस

सकाळची वेळ धरा, म्हणजे ओपीडीत माणसं मिळतात आणि काही अडलं तर हातात दिवस उरतो. घरात तीन माणसं पुरेत. आम्ही पहिल्या वेळी सात जण जमलो होतो, त्यात एक काका, ज्यांनी आल्या आल्या “गाडीत बस, नाटकं बंद कर” म्हणून आवाज चढवला. भावाने संडासाची कडी लावून घेतली. तिथून बाहेर यायला चाळीस मिनिटं लागली.

बोलणारा एकच. वहीच्या मागच्या पानावर ज्याचं नाव आहे तो. बाकीचे मागे, हात मोकळे, आणि दाराच्या मध्ये कोणी उभं राहायचं नाही. सुऱ्या, कात्र्या, फिनेल, गोळ्यांचा डबा आदल्या रात्रीच हलवा. गाडीत तो मागच्या सीटवर, दोघांच्या मध्ये, चाइल्ड लॉक लावलेलं. चष्मा, चप्पल आणि दोन जोड कपडे आधीच गाडीत. आम्ही चष्मा घरी विसरलो, आणि मग तपासणीच्या खोलीत समोर कोण बसलंय हेच त्याला नीट दिसेना.

खोटं बोलून नेऊ नका. “मामाकडे जाऊ” म्हणून मनोरुग्णालयाच्या दारात उतरवलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं कुठल्याच गाडीत बसत नाही. भ्रमाशी वादही घालू नका आणि त्याला होकारही देऊ नका. “तू चार रात्री झोपला नाहीस, मला काळजी वाटते, आज डॉक्टरांना दाखवायचंय.” इतकंच, तेच वाक्य, पुन्हा पुन्हा. जेवणात गुपचूप गोळी घालणं टाळा. ज्याला आधीच अन्नात विष दिसतंय त्याचा संशय त्याने खरा ठरतो, आणि डोस किती गेला हे डॉक्टरांना कळत नाही.

दोर, साखळी, कुलूप नको. साखळीने बांधायला कायद्याने कुठल्याही स्वरूपात बंदी आहे.

### पोलिसांची मदत लागली तर

आवरत नसेल असा अंदाज असेल तर आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात लिहा की कोणाविरुद्ध गुन्हा नोंदवायचा नसून कलम १०० खाली संरक्षण हवं आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेली व्यक्ती हद्दीत असेल तर तिला ठाण्याचे अधिकारी संरक्षणात घेऊ शकतात. मग तिला लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. “ऑर्डर आणा” म्हटलं गेलं तर या कलमाची प्रिंट पुढे ठेवा. साध्या वेशात यायची विनंती करून पाहा. खाकी बघून बिथरणारे बरेच असतात.

मॅजिस्ट्रेटचा रस्ता पूर्ण बंद नाही. घरातच रुग्णाचे हाल होत असतील, त्याला डांबलं असेल, तर पोलिसांमार्फत प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जातं. ते सरकारी संस्थेत तपासणीचा, किंवा तपासणीसाठी १० दिवसांपर्यंत भरतीचा लेखी आदेश देऊ शकतात. सांभाळणारं घर असलेल्यांना याची गरज सहसा पडत नाही.

## टप्पा ६: तपासणीच्या खोलीत

इथे डाव उलटतो. घरी तीन रात्री आरडाओरडा केलेला माणूस डॉक्टरांसमोर वीस मिनिटं व्यवस्थित बसतो. नाव, तारीख, पंतप्रधान, सगळं बरोबर. “यांनाच माझा त्रास आहे,” असं हसून सांगतो. आणि तुम्ही चार रात्री न झोपलेले, केस विस्कटलेले, रडत-ओरडत बोलत असता. बाहेरून बघणाऱ्याला रुग्ण कोण हे पटकन कळणार नाही.

म्हणून वहीचं पहिलं पान एकपानी गोषवारा करा: गेल्या तीन आठवड्यांतल्या चार-पाच घटना, तारखांसह. तो आत जायच्या आधी डॉक्टरांच्या हातात पोहोचवा. तुमच्याशी वेगळं बोलायची विनंती करा. त्याच्या समोर त्याच्या चुका वाचून दाखवू नका.

तपासणारे दोघे असतात. एक मनोविकारतज्ज्ञ असावाच लागतो. दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक (उदाहरणार्थ नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) किंवा डॉक्टर चालतो. दोघं स्वतंत्र मत देतात. म्हणून दुसऱ्याला “आत्ताच सरांना सगळं सांगितलं” म्हणू नका. पुन्हा सगळं सांगा, त्याच क्रमाने.

दोघांपैकी एकानेही नाही म्हटलं तर भरती होत नाही. वाद घालू नका, चार गोष्टी मागा: मत केसपेपरवर लेखी, घरी द्यायची औषधं, पुढची तारीख, आणि काय झालं तर ताबडतोब परत यायचं ते. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेता येतं. वही चालू ठेवा.

## टप्पा ७: सही झाल्यावर तीस दिवस

कलम ८९ ची भरती ३० दिवसांपुरती असते. त्या आत अट संपली, म्हणजे धोका टळला किंवा निर्णयक्षमता परत आली, की ही भरतीही संपते. हवं तर तो स्वेच्छेचा रुग्ण म्हणून राहू शकतो. क्षमतेचा आढावा दर सात दिवसांनी घ्यायचा असतो. तो झाला का, हे विचारायला लाजू नका.

भरतीची खबर रुग्णालय मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला देतं: स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांची सात दिवसांत. या भरतीविरुद्ध रुग्ण स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो. फी नाही, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत मंडळाला निर्णय घ्यावा लागतो. हे त्याला तुम्हीच सांगा. “तुला वाटतं चूक झाली, तर हा कागद भर” हे ऐकून माझा भाऊ त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला.

तीस दिवस पुरले नाहीत तर कलम ९०. त्याला दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. मुदत पहिल्यांदा ९० दिवसांपर्यंत, पुढे १२०, मग १८०.

सावधान: घरात कार्य आहे म्हणून मध्येच डिस्चार्ज घेऊन “चार दिवसांनी परत आणतो” म्हणू नका. डिस्चार्जनंतर सात दिवसांत परत भरती करायची वेळ आली तर ती थेट कलम ९० खाली जाते. थोडे दिवस न्यायचंच असेल तर डॉक्टरांकडे रजेचं विचारा.

## टप्पा ८: घरी आणताना

डिस्चार्जच्या आधी, त्या दिवशी नव्हे, डॉक्टर, तो आणि तुम्ही एकत्र बसा. कोणत्या गोळ्या, किती दिवस, लांब मुदतीचं इंजेक्शन असेल तर पुढची तारीख, कोणता दुष्परिणाम दिसला की फोन करायचा, ओपीडी कोणत्या वारी. पहिली तारीख दोन आठवड्यांच्या आतली मागून घ्या. गोळ्या बंद होण्याची सुरुवात बहुधा याच दिवसांत होते. उरलेल्या घराला आधीच बजावून ठेवा की त्या रात्रीचा विषय जेवताना काढायचा नाही.

महिना-दोन महिन्यांनी, तो नीट झोपायला लागला की, आगाऊ निर्देशांचा विषय काढा. पुढच्या वेळी काय हवं, काय नको, प्रतिनिधी कोण, हे त्याने ठरवायचं. लिहून मंडळाकडे नोंदवता येतं. माझ्या भावाने प्रतिनिधी म्हणून माझं नाही, वहिनीचं नाव घातलं. मग खाली वेगळ्या कागदावर, कायद्याशी काही संबंध नसलेल्या दोन ओळी लिहिल्या: “न्यायला आलात तर काकांना बोलावू नका. चष्मा विसरू नका.”